अधिक-उणे ३ टक्के : जनमत चाचण्यांच्या विश्वासार्हतेची पार्श्वभूमी

जनमत चाचणीच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. नमुना सुमारे १,००० जणांचा, त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के. वाचणाऱ्याला वाटते, अंदाज चुकलाच तर एवढाच चुकेल. हा गैरसमज आहे, आणि चाचण्यांवरच्या निम्म्या वादांचे मूळ त्यातच आहे.

हे ३ टक्के एकाच प्रकारच्या चुकीचा हिशेब देतात. सगळ्यांना न विचारता थोड्यांनाच विचारले, तर निव्वळ योगायोगाने आकडा किती हलू शकतो, एवढेच ते सांगतात. त्यातही गृहीत असे असते की निवड पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी होती, निवडलेला प्रत्येक जण सापडला, बोलला आणि खरे बोलला. शिवाय ही मर्यादा एका उमेदवाराच्या टक्केवारीची असते. दोन उमेदवारांमधल्या आघाडीसाठी ती जवळजवळ दुप्पट होते, आणि बातम्या मात्र आघाडीच्याच होतात.

थोड्यांवरून सगळ्यांचे अनुमान काढता येते, ही कल्पना सहजासहजी स्वीकारली गेली नाही. नॉर्वेचे सांख्यिकी अधिकारी आंदर्स कियार यांनी १८९५ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे ‘प्रातिनिधिक पद्धत’ मांडली, तेव्हा त्यांना कडवा विरोध झाला. शक्य असेल तिथे पूर्ण मोजणीच करावी, असे विरोधकांचे म्हणणे होते. पुढे संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात कामगार कुटुंबांची नमुना पाहणी केली आणि १९३४ मध्ये गणिती जर्झी नेमन यांच्या निबंधाने यादृच्छिक निवडीला भक्कम गणिती पाया दिला. त्रुटीची मर्यादा काढण्याचा अधिकार आला तो इथून.

भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे काम या इतिहासात अनेकदा वगळले जाते, हे मला खटकते. १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाखालचे क्षेत्र मोजताना त्यांना दिसले, की चूक केवळ नमुन्यातून येत नाही, मोजणाऱ्या माणसांतूनही येते. त्यांनी एकाच भागासाठी दोन स्वतंत्र नमुने काढले आणि ते दोन वेगळ्या पथकांकडे दिले. दोघांच्या उत्तरांतली तफावत म्हणजे त्या पाहणीतल्या अनिश्चिततेचा प्रत्यक्ष पुरावा. १९५० मध्ये सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही रीत आली. निवडणूक चाचण्यांच्या धंद्याने मात्र ती फारशी उचलली नाही. एकाच कामासाठी दोन पथके पाठवणे महाग पडते.

चाचण्यांचे पहिले मोठे अपयश १९३६ चे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारनोंदणीच्या याद्यांमधून घेतले होते. सुमारे २३ लाख पत्रिका परत आल्या आणि त्यांच्या बळावर साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये त्यांचे प्रतिस्पर्धी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जिंकली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

या प्रकरणाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की फोन आणि मोटार बाळगणारे सधन लोकच विचारले गेले. ते अपुरे आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक पेव्हरिल स्क्वायर यांनी १९३७ च्या एका चाचणीची माहिती वापरून १९८८ मध्ये दाखवले, की पत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिले असते तर साप्ताहिकाचा निकाल निदान रूझवेल्ट यांच्या बाजूने तरी लागला असता. यादी सदोष होतीच, पण पत्रिका परत पाठवण्याची तसदी लँडन यांच्या समर्थकांनी अधिक घेतली होती. कोणाला विचारले याइतकेच, कोण गप्प राहिले हेही निकाल ठरवते.

गॅलप यांची पाळी १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आली. त्या काळी मुलाखत घेणाऱ्याला कोटा ठरवून दिला जाई, म्हणजे अमुक स्त्रिया, तमुक वयाचे पुरुष. त्या चौकटीत प्रत्यक्ष कोणाला गाठायचे हे त्याच्यावर सोडलेले असे, आणि साहजिकच सहज भेटणारी, बोलकी, थोडी जास्त शिकलेली माणसे निवडली जात. भरीला मतदानाच्या बरेच आधी चाचण्या थांबवल्या होत्या. दुसरे चाचणीकार एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच निकाल लागल्यात जमा धरला होता. गॅलप यांच्या शेवटच्या अंदाजात ड्यूई ४९.५ आणि ट्रूमन ४४.५ टक्क्यांवर होते. मते मोजल्यावर आकडे जवळजवळ उलटे निघाले. त्यानंतरच्या चौकशीने कोटा पद्धतीवर ठपका ठेवला आणि मोठ्या संस्था यादृच्छिक निवडीकडे वळल्या.

नमुना निर्दोष असला तरी प्रश्न आकडा फिरवू शकतो. डोनाल्ड रग यांच्या १९४० च्या प्रयोगात सारख्याच प्रकारच्या दोन गटांना एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारली गेली. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे विचारल्यावर ६२ टक्के ‘नको’ म्हणाले. त्यांवर ‘बंदी घालावी का’ असे विचारल्यावर ४६ टक्केच ‘हो’ म्हणाले. एका क्रियापदाने पडलेला हा १६ टक्क्यांचा फरक कोणत्याही छापील मर्यादेत धरलेला नसतो.

टेलिफोन घरोघरी पोहोचल्यावर काही दशके बरी गेली. संगणकाने यदृच्छेने जुळवलेल्या क्रमांकांवर फोन करणे स्वस्त होते आणि लोक उचलतही असत. मग उचलणे थांबले. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या फोन सर्वेक्षणांचा प्रतिसाद दर १९९७ मध्ये ३६ टक्के होता, २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. अशा नमुन्याला यादृच्छिक म्हणणे आता केवळ सवयीचे उरले आहे. शंभरातले चौऱ्याण्णव जण हाती लागत नाहीत, त्यांची जागा भारांकनाने भरावी लागते, म्हणजे कमी सापडलेल्या गटांची उत्तरे वाढवून मोजावी लागतात. तो निर्णय माणसे घेतात.

त्या निर्णयांचे वजन किती, हे २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड करून दाखवले. फ्लोरिडातल्या ८६७ संभाव्य मतदारांची कच्ची उत्तरे त्यांनी चार नामवंत गटांना दिली. उत्तरे तीच, तरी एकाने क्लिंटन यांना ४ टक्क्यांची आघाडी दिली, दुसऱ्याने ३, तिसऱ्याने १, आणि चौथ्याने ट्रम्प यांना १ टक्का पुढे दाखवले. वर्तमानपत्राचा स्वतःचा हिशेब क्लिंटन यांना १ टक्का आघाडी देत होता. हाताळणारे हात बदलले की आकडा किती बदलतो, याची ही तपासणी महालनोबिस यांच्या दोन पथकांच्या जातीची. अशा तपासण्या नेहमी छापल्या जायला हव्यात. त्या वर्षी अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणानुसार भारांकन केलेच नव्हते, आणि जास्त शिकलेले लोक उत्तर द्यायला अधिक तयार असतात.

म्हणून चाचण्या पूर्वीपेक्षा बिघडल्या, असे मात्र म्हणता येत नाही. विल जेनिंग्स आणि क्रिस्तोफर व्लेझियन यांनी १९४२ ते २०१७ मधल्या ४५ देशांतल्या ३५१ निवडणुका तपासल्या. त्यांना चूक काळानुसार वाढलेली आढळली नाही. दुसऱ्या एका २०१८ च्या अभ्यासाने अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक चाचण्या निकालांशी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्यक्ष चूक छापील मर्यादेतून सूचित होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. चिंतेची बाब अशी, की एकाच निवडणुकीतल्या चाचण्या बहुधा एकाच दिशेने चुकतात. मग सरासरी काढूनही दोष जात नाही.

नमुन्याचा आकार वाढवून हा दोष जातो का, याचे उत्तर २०२१ मध्ये मिळाले. अमेरिकेत किती प्रौढांनी कोविडची लस घेतली, हे तीन सर्वेक्षणे मोजत होती आणि पडताळ्यासाठी सरकारी लसीकरणाची नोंद हाताशी होती. फेसबुकमार्फत आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे गोळा करणाऱ्या सर्वेक्षणाने मे महिन्यात प्रमाण १७ टक्क्यांनी फुगवले. जनगणना विभागाच्या सुमारे ७५,००० जणांच्या पाहणीने १४ टक्क्यांनी. सर्वांत जवळ पोहोचली ती काळजीपूर्वक निवडलेल्या सुमारे १,००० जणांची पाहणी, आणि छापील मर्यादा सर्वांत मोठी होती तीही तिचीच.