सबस्क्रिप्शन घ्यायचं की गेम विकत घ्यायचे?

सुट्टी लागली की दुकानात हाच प्रश्न येतो: "पोरांच्या गेमच्या मशीनसाठी (कन्सोलसाठी) वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ, की दोन-तीन डिस्क?" सबस्क्रिप्शन म्हणजे ठरावीक मुदतीचे पैसे भरून, ती मुदत असेपर्यंत गेम खेळायची सोय. गर्दीत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी एवढंच बघा, घरात एकच गेम रोज लागतो की सारखा नवा मागितला जातो? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघून आलेलं पोरगं घरीही फुटबॉलच लावतं आणि वर्षभर तेच खेळतं. अशा घरानं डिस्क घ्यावी. फुटबॉलचा नवा गेम दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास येतो. तो आला की मागच्या वर्षीचा स्वस्त होतो, आणि तुमची जुनी डिस्क आम्ही एक्स्चेंजमध्ये घेतो. 'माइनक्राफ्ट'सुद्धा एकदा विकत घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. मात्र एक्सबॉक्स सीरीज एस आणि पीएस५ (प्लेस्टेशन ५) डिजिटल एडिशनसोबत डिस्कचा खण येत नाही; खण नसेल तर गेम ऑनलाइन स्टोअरमधूनच घ्यावा लागतो आणि तो पुढे विकता येत नाही.

लहान-मोठी भावंडं असतील, प्रत्येकाची आवड वेगळी असेल, तर सबस्क्रिप्शन परवडतं. पण कोणतं, ते नीट बघा. प्लेस्टेशनच्या सबस्क्रिप्शनला 'प्लेस्टेशन प्लस' म्हणतात. त्यातला 'इसेन्शियल' हा प्लॅन मुख्यतः ऑनलाइन खेळण्यासाठी आणि दर महिन्याच्या मोजक्या गेमसाठी आहे. शेकडो गेमचा साठा त्याच्या वरच्या 'एक्स्ट्रा' प्लॅनपासून पुढे मिळतो. आणि पोरगं फक्त 'फोर्टनाइट' खेळत असेल, तर ते ऑनलाइन खेळायला प्लस लागतच नाही, पैसे वाचवा.

प्रत्येक मुलाला वेगळं सबस्क्रिप्शनही नको. आई किंवा वडिलांच्या खात्यावर एकच घ्या आणि पीएस५च्या सेटिंगमध्ये त्याच खात्यावरून 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू करा. मग त्या मशीनवरच्या सगळ्यांना ते गेम आपापल्या खात्यातून खेळता येतात. एक्सबॉक्सवर त्यासाठी ते मशीन 'होम एक्सबॉक्स' करून ठेवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "काल चालत होता, आज गेमवर कुलूप दिसतंय, मशीन बिघडलं," म्हणून लोक कन्सोल पिशवीत घालून आणतात. मशीन ठणठणीत असतं. सबस्क्रिप्शनची मुदत संपलेली असते, नाहीतर तो गेम साठ्यातून निघालेला असतो. सबस्क्रिप्शनचा गेम मशीनमध्ये डाउनलोड केलेला असला तरी तो तुमचा होत नाही. त्यामुळे आधी खात्यात मुदतीची तारीख बघा. आणि कृपा करून मशीन रिसेट करू नका! मुदत संपली तरी खेळाची प्रगती मशीनमध्ये जपलेली असते. सबस्क्रिप्शन पुन्हा भरलं किंवा त्याच आवृत्तीचा गेम विकत घेतला की पोरगं थांबलं तिथून पुढे खेळतं. पीएस५ रिसेट केल्यावर मात्र ती मशीनमधून पुसली जाते. पीएस५च्या गेमची सेव्ह (जपलेली प्रगती) सुटी पेन ड्राइव्हवर कॉपी करता येत नाही, आणि ती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, ठेवायला प्लस लागतं. पोरांनी महिनोन्‌महिने खेळून मिळवलेलं असं गेलं की आम्हालाही वाईट वाटतं, कारण ते परत आणून देणं आमच्या हातात नसतं.

सबस्क्रिप्शन भरायचं कोडचं कार्ड देण्याआधी आम्ही खातं कोणाचं, कोणत्या देशाचं, हे विचारतो. काहींना ही चौकशी नको वाटते. पण भारतातलं प्लेस्टेशनचं कार्ड अमेरिकेच्या खात्यावर चालत नाही, आणि कोड एकदा वापरला की दुसऱ्या खात्यावर वळवता येत नाही. म्हणूनच उघडलेला कोड आम्ही परत घेत नाही. अनोळखी माणसाच्या खात्यावरचे 'स्वस्तातले सगळे गेम' आम्ही विकत नाही. त्यानं पासवर्ड बदलला की तुमच्या हाती काही उरत नाही.

गेममधली नाणी आणि पॉइंट्स यांचे पैसे सहसा वेगळे पडतात. त्यासाठी मुलांच्या खात्यावर खर्चाची मर्यादा घाला. येताना मशीन आणू नका, मोबाईलवर खातं लॉगिन करून या. मर्यादा कशी घालायची ते काउंटरवर दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.