जिमखाना

जिमखाना : खेळांची मैदाने आणि व्यायामाच्या सोयी एकत्र असलेली संस्था, किंवा तिची जागा. शब्द इंग्रजी कोशांत आहे, पण त्याचे जन्मगाव हिंदुस्थानातले. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने तो बनावट शब्द ठरवला. तो मुंबई इलाख्यात घडला असावा, असे त्यांचे मत. त्यांना सापडलेला पहिला वापर मात्र १८६१ मधला, रुडकीचा.

हिंदीत रॅकेटच्या कोर्टाला ‘गेंदखाना’ म्हणत. साहेबाच्या तोंडी ‘गेंद’चे ‘जिम’ झाले ते बहुधा ‘जिम्नॅस्टिक्स’च्या ओढीने. या ग्रीक कुळातल्या शब्दाच्या मुळाशी ‘जिम्नोस’, म्हणजे नग्न; तिकडे अंगावर काही न ठेवता कसरत करीत. आपल्या तालमीतला लंगोट त्या मानाने भरजरीच म्हणायचा. ‘खाना’ हा फारसी, अर्थ घर. फरासखाना, दवाखाना, तोफखाना यांच्या पंगतीत जिमखाना असा काही बसला, की तो परका आहे हे मराठी कानाला कळतच नाही.

इंग्लंडमध्ये गेल्यावर अर्थ पालटला. तिथे जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टांच्या शर्यती. मोटारशौकिनांच्या जगात तर शंकू मांडून त्यांतून गाडी वळवण्याच्या स्पर्धेलाही हेच नाव आहे.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याच्या १९१९ च्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे गडी पाहून अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी ऑलिंपिकचा विचार मांडला. १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. त्यांत फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे कुस्तीगीर होते.

पुढे संस्थेचे नाव वस्तीला लागले आणि आता मेट्रो स्थानकालाही. नावातला ‘डेक्कन’ हाही आपलाच ‘दख्खन’. म्हणजे दोन्ही शब्द साहेबाकडे जाऊन उच्चार बिघडवून परत आले. त्यातलाही जिमखाना रोजच्या बोलण्यात गळतो. रिक्षावाल्याला ‘डेक्कन’ एवढेच पुरते. उरलेला अर्धा कॉलेजच्या पावतीवर ‘जिमखाना फी’ म्हणून भेटतो, मग तिथे मैदान असो वा नसो.