स्पेनची रापण

मालवणात रापण ओढताना ज्याने बघितलीय त्याला २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपमधला स्पेनचा खेळ लगेच कळतो. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात, मासळी पळते पण पळायला जागाच उरत नाही. स्पेनकडून बॉल गेला की सेम, जवळचे तीन-चार जण लगेच आवळायचे. आणि हे जमायचं कशामुळे, तर पास छोटे, त्यामुळे सगळे आधीच जवळजवळ उभे.

बॉल त्यांच्याकडे असताना तर साधं गणित. नीट मारलेला पास सेकंदाला १५ मीटर सहज जातो, माणूस जीव तोडून पळाला तरी ८-९ मीटर, तेही थोडाच वेळ, आणि सत्तर-पंचाहत्तर किलोचं अंग उलट वळवायचं तर आधी थांबवावं लागतं. त्यात त्रिकोण. बॉलवाल्याला दोन बाजूंना दोन साथीदार, एक वाट अडवली की दुसरी मोकळी.

त्रिकोण व्हायला मधे माणसं हवीत. पहिलीच मॅच स्वित्झर्लंडकडून ०-१ हरल्यावर मधल्या फळीत मागे राहून खेळणारे बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोघं कशाला, अशी ओरड झाली, पण कोच देल बोस्केंनी जोडी मोडली नाही. माझ्या मते कप तिथेच जिंकला. या दोघांच्या पुढे झावी, बाजूंना इनिएस्ता आणि (सेमीफायनलपासून टोरेसच्या जागी आलेला) पेद्रो, टोकाला व्हिया. मागे रामोस, पिके, पुयोल, कापदेविला, गोलमध्ये कासियास. सात मॅचमध्ये गोल फक्त ८, खाल्ले २, आणि नॉकआउटच्या (हरलं की बाहेर) चारही मॅच १-०! लोक बोअर म्हणतात, मला पटत नाही, बॉल आपल्याकडे ठेवणं हाच त्यांचा डिफेन्स होता.

नेदरलँड्सविरुद्धची फायनल जोहान्सबर्गला, समुद्रसपाटीपासून साधारण १७५० मीटरवर. आपण ओहोटीला ओल्या वाळूवर खेळतो तिथल्यापेक्षा तिथली हवा बरीच विरळ, उंच मारलेल्या बॉलला अडवणारं कमी, तो अंदाजापेक्षा लांब जातो. जमिनीवरच्या छोट्या पासला याचा फरक फार कमी पडतो. उलट बॉलमागे धावणाऱ्याला ऑक्सिजन कमी, तो लवकर दमतो.

११ जुलै, आपल्याकडे रात्रीचे बारा, बाहेर धो धो पाऊस, होड्या कधीच्या वर काढून ठेवलेल्या, आणि आम्ही दहा-बारा जण एका टीव्हीसमोर. ६२ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा रॉबेन एकटा सुटला तेव्हा कासियासच्या पायाने वाचवलं, नाहीतर हे सगळं गणित तिथेच संपलं असतं. एक्स्ट्रा टाइममध्ये १०९ व्या मिनिटाला हायटिंगाला रेड कार्ड, नेदरलँड्स दहावर, म्हणजे पळायची जागा तेवढीच आणि माणूस एक कमी. ११६ वं मिनिट. टोरेसचा क्रॉस अर्धवट परतवला गेला, फॅब्रेगासने तो उचलून उजवीकडे इनिएस्ताला दिला, व्हॅन डर व्हार्ट धावत आला, पोचेपर्यंत बॉल जाळ्यात.