विद्युत सुरक्षा नियमांची अंमलतारीख (अमेरिका)

अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या वायरिंगचे आणि विद्युत उपकरणांचे नियम 'ओशा' ही केंद्रीय यंत्रणा करते. ते संघीय नियमसंग्रहातील भाग १९१०, उपभाग 'एस' मध्ये आहेत. वायरिंगच्या नियमांतील मोठी सुधारणा १४ फेब्रुवारी २००७ ला प्रसिद्ध झाली आणि १८० दिवसांनी, १३ ऑगस्ट २००७ ला लागू झाली.

त्या दिवशी सगळ्या जुन्या इमारतींची वायरिंग उखडावी लागली, असे मात्र नाही. कोणते कलम कुठे लागू होते, हे जोडणी कधी झाली यावर ठरते. काही कलमे सर्वच जोडण्यांना लागू आहेत. त्यापुढची कलमे १५ मार्च १९७२, १६ एप्रिल १९८१ आणि १३ ऑगस्ट २००७ या तारखांनंतरच्या जोडण्यांसाठी टप्प्याटप्प्याने वाढत जातात.

'आमची इमारत जुनी, आम्हाला नियम नाही' हा समज सर्वांत घातक आहे. ५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचे उघडे भाग झाकणे, कोणता स्विच कशाचा हे स्पष्ट लिहिणे, ही बंधने इमारतीचे वय पाहत नाहीत. उलट, स्वच्छतागृहातील आणि छतावरील १२५ व्होल्ट, १५ व २० अँपिअरच्या सॉकेटना ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर (सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारे साधन) बसवण्याची अट २००७ नंतरच्या जोडण्यांना आहे. मेन स्विचला कुलूप लावता यावे, ही अटही त्याच टप्प्यातली.

जुन्या जागेत 'मोठा बदल' झाला, की बदललेल्या भागाला त्या वेळचे नियम लागतात. नवी विंग जोडणे किंवा पूर्ण मजल्याचे नूतनीकरण हा मोठा बदल. एखादे सॉकेट बदलणे नव्हे. स्थानिक इमारत संहिता मात्र तिथेही अधिक मागू शकते, म्हणून ती वेगळी तपासावी. खरी अडचण पुराव्याची असते. परवाना, नकाशे आणि ठेकेदाराची बिले हरवली, तर पॅनेल कधीचे हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या नोंदीत काम पूर्ण झाल्याची तारीख आणि बदललेला भाग लिहून ठेवावा.

काम करण्याच्या पद्धतींचे नियम (कलम ३३१ ते ३३५) १९९० चे आहेत आणि त्यांना वायरिंगच्या वयाची सवलत नाही. १९६० च्या पॅनेलवर काम करतानाही आधी पुरवठा तोडून, कुलूप लावून, वीज नसल्याची चाचणी घ्यावी लागते.

नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अमेरिकी संस्थेचे कामाच्या ठिकाणच्या विद्युत सुरक्षेवरचे '७०-ई' मानक साधारण दर ३ वर्षांनी नवे निघते. ते निघाले म्हणून ओशाचा नियम आपोआप बदलत नाही. २००७ ची सुधारणा या मानकाच्या २००० च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.