गटारीची कोंबडी वैशाखात येते

आषाढ सरत आला की चिकनचा भाव चढतो आणि श्रावण लागला की उतरतो, हे पोल्ट्रीवाल्याला पंचांग न उघडताही कळतं. ब्रॉयलरवाला गटारीची पिल्लं ज्येष्ठात भरतो, कारण ती ४०-४२ दिवसांत दोन किलोंच्या आसपास जातात. सेंद्रिय पद्धतीत सहसा वनराजा, गिरिराजा किंवा गावरान अशी सावकाश वाढणारी कोंबडी असते. तिला तीन महिने तरी हवेत. म्हणजे तिची पिल्लं वैशाखातच आणायला लागतात. ब्रॉयलर एका ऋतूत आटोपतो, ही कोंबडी दोन ऋतू बघते. शिवाय सेंद्रिय म्हटल्यावर, रोग दूर ठेवायला तिच्या खाद्यात रोज थोडं थोडं औषध मिसळायची सोय नाही. ते काम शेडलाच करावं लागतं.

वैशाखातली पिल्लं तशी सोपी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. विदर्भ-मराठवाड्यात दिवसा ही ऊब फुकट मिळते, बल्ब लागलाच तर पहाटे. पण शेजारच्या शेडमधल्या मोठ्या कोंबडीला तेच ऊन जीवघेणं. तिच्या अंगाचं तापमान मुळात ४१ अंशांच्या पुढे, आणि घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता बिघडते. अन्न पचतानाही शरीरात उष्णता तयार होते. म्हणून सकाळी दहा-अकराला खाद्याची भांडी उचलायची आणि ऊन कलल्यावर ठेवायची. दुपारी पोटभर खाल्लेली, अंगाने भरलेली कोंबडीच आधी मरते.

खरी परीक्षा मृगाच्या पावसात. तेव्हा पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असतात, आणि रक्ती हगवणीचंही हेच वय. हा रोग आयमेरिया नावाच्या परजीवीचा. विष्ठेतून पडणारी त्याची ताजी बीजं निरुपद्रवी असतात. ओल, प्राणवायू आणि २५-३० अंश ऊब मिळाली, की एक-दोन दिवसांत ती रोग देण्याजोगी होतात. पावसाळ्यातल्या शेडमध्ये यातलं काहीच कमी नसतं.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. आयमेरिया शेडमधून पूर्ण हटवायचा प्रयत्नच करायचा नाही. थोडी बीजं पोटात गेली की पिल्लाच्या शरीरात त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. एकदम खूप गेली तर आतडं सोलून निघतं. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा, आणि मात्रा ठरते शेडमध्ये खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाच्या ओलीवर. तूस मुठीत दाबून उघडला आणि गोळा झाला, तर तो ओला. रोज तूस खालीवर करायचा, पाण्याच्या भांड्यांखालचा ओला भाग उचलून टाकायचा. कोंबड्या बाहेर सोडायच्या त्या दारापुढे खडी टाकायची, कारण सगळ्यात घाण चिखल तिथेच होतो. एवढं करूनही रोग आलाच, तर सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी औषध अडवून ठेवणं मला क्रूरपणाच वाटतो.

बरेच जण तुसात चुना मिसळतात. तूस कोरडा होतो खरा, पण चुन्याने आम्लता घटते आणि विष्ठेतला अमोनिया, म्हणजे नाकाडोळ्यांना झोंबणारा वायू, जास्त सुटतो. मिसळायचाच तर बेताने, आणि हवा खेळती ठेवून.

खाद्यातल्या मक्याचंही तसंच, ओलीकडे लक्ष हवं. ओल १४ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर बसतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, त्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे.

थंडीत चूक होते ती मायेपोटी. पिल्लं गारठतील म्हणून गोणपाटाचे पडदे गच्च बांधतात. आत अमोनिया कोंडतो, प्राणवायू घटतो. वेगाने वाढणाऱ्या कोंबड्यांत मग हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साचतं. पडदा वरच्या बाजूने वीतभर उघडा ठेवायचा. आणि शेडमधला वास घ्यायचा तर उभ्याने नाही, उकिडवं बसून, कोंबडीचं नाक असतं तिथे.