पायथनमधील लिस्ट, टपल, डिक्शनरी आणि सेट : पार्श्वभूमी

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकू लागलेल्या माणसासमोर पहिल्या काही दिवसांतच माहिती एकत्र ठेवण्याच्या प्रकारांची लिस्ट, टपल, डिक्शनरी आणि सेट ही चार नावे येतात. त्यांची तुलना बहुधा एका तक्त्यात उरकली जाते : कोणता प्रकार बदलता येतो, कोणात क्रम टिकतो, कोणात तोच घटक दोनदा चालतो. तक्ता पाठ होतो, पण रिकामा महिरपी कंस {} लिहिल्यावर सेटऐवजी डिक्शनरी का मिळते, किंवा डिक्शनरीत टिकणारा क्रम सेटमध्ये का टिकत नाही, हे त्यातून उमगत नाही. हे प्रकार एकाच बैठकीत आखले गेलेले नाहीत, आणि तुलनेतील बहुतेक खाचाखोचा तिथूनच आल्या आहेत.

ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत लिओ ग्यूर्ट्स, लॅम्बर्ट मीर्टेन्स आणि स्टीव्हन पेम्बर्टन यांनी एबीसी नावाची भाषा घडवली. व्यवसायाने प्रोग्रामर नसलेल्यांना ती सहज वापरता यावी, हा हेतू होता. तिच्यात संख्या, मजकूर, कंपाउंड (काही मूल्यांचा एकत्र गट), लिस्ट आणि टेबल असे मोजके पाचच प्रकार होते. एबीसीची लिस्ट स्वतःच चढत्या क्रमाने लागत असे. ३, १, २ असे आकडे टाकले तरी ती १, २, ३ अशीच दिसे. टेबलही ‘की’च्या, म्हणजे जिच्यावरून नोंद शोधली जाते त्या खुणेच्या, क्रमाने लागलेले असे. नवशिक्याचा हा विचार मनापासून केलेला होता, मात्र त्यासाठी आत वापरलेली गुंतागुंतीची रचना थोड्या माहितीसाठी जड पडत असे.

एबीसीच्या गटात काम केलेल्या गीडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९मध्ये नाताळच्या सुटीत पायथनचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१मध्ये ०.९.० ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. कंपाउंडचा टपल झाला, टेबलची डिक्शनरी झाली. लिस्टचे नाव तेच राहिले, पण स्वभाव पार बदलला. पायथनच्या लिस्टमध्ये घटक प्रोग्रामरने दिलेल्या क्रमाने सलग मांडलेले असतात आणि शेवटी थोडी जागा राखीव ठेवलेली असते, म्हणून शेवटी भर घालणे स्वस्त पडते, तर सुरुवातीला एक घटक घुसवायचा झाला की मागचे सगळे सरकवावे लागतात.

डिक्शनरीसाठी हॅश टेबल निवडले गेले आणि टपलचे महत्त्व त्यातूनच वाढले. हॅश टेबलमध्ये ‘की’वरून एक आकडा (हॅश) काढून तिची जागा ठरवली जाते. नाट्यगृहातील रांग आणि खुर्ची यांची जोडी ‘की’ म्हणून घ्या आणि प्रेक्षकाचे नाव व्हॅल्यू, म्हणजे ‘की’शी जोडलेली माहिती, म्हणून. ही जोडी लिस्ट असती आणि नंतर कोणी तिच्यातला १२ हा खुर्ची क्रमांक १३ केला असता, तर नाव जुन्या जागी पडून राहिले असते आणि शोधूनही सापडले नसते. म्हणून लिस्ट ‘की’ होऊ शकत नाही, टपल होऊ शकतो. मात्र टपलच्या पोटात लिस्ट असेल, तर तोही अडतो. टपल म्हणजे ‘बदलता न येणारी लिस्ट’ एवढेच शिकवून थांबणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

सेट, म्हणजे एकही घटक दोनदा न येणारा संग्रह, फार उशिरा आला. तोवर लोक डिक्शनरीच्या ‘की’ वापरत आणि व्हॅल्यूच्या जागी १ असे काहीतरी नाममात्र भरत. ग्रेग विल्सन यांनी २०००मध्ये सेटचा औपचारिक प्रस्ताव मांडला, २००३च्या २.३ आवृत्तीत तो वेगळे मॉड्यूल (हवे तेव्हा जोडून घ्यायचा भाग) म्हणून आणि २००४च्या २.४मध्ये अंगभूत प्रकार म्हणून आला. महिरपी कंसात घटक लिहून सेट बनवण्याची सोय तर २००८च्या ३.०मध्ये झाली, आणि तोवर रिकामा महिरपी कंस डिक्शनरीचा होऊन कितीतरी वर्षे उलटली होती. तो काढून घेतला असता, तर अगणित जुने प्रोग्राम मोडले असते.

क्रमाची गोष्ट याहून अलीकडची आहे. ३.५पर्यंत साध्या डिक्शनरीच्या क्रमाचा भरवसा नसे. हॅशच्या आकड्यांचा अंदाज बांधून सर्व्हर ठप्प करता येतो हे २०११च्या अखेरीस उघड झाल्यावर, २०१२च्या ३.३पासून मजकुराचे हॅश दर वेळी वेगळे निघू लागले, आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवला तरी क्रम पालटू लागला. त्याच वर्षी रेमंड हेटिंगर यांनी सुचवले की नोंदी आल्या तशा एका दाट तक्त्यात ठेवाव्यात आणि हॅश टेबलमध्ये केवळ त्यांचे अनुक्रमांक असावेत. नाओकी इनाडा यांच्या कामातून ही रचना २०१६च्या ३.६मध्ये आली. मूळ उद्देश मेमरी वाचवण्याचा होता आणि वापर २० ते २५ टक्क्यांनी घटलाही. क्रम टिकणे हा त्याचा अनुषंगिक लाभ होता, ज्याला २०१८च्या ३.७मध्ये भाषेच्या हमीचा दर्जा मिळाला.

सेटची अंतर्गत रचना मात्र वेगळी राहिली, त्यामुळे शब्दांचा सेट छापणारा प्रोग्राम आजही दोनदा चालवल्यास तो सेट दोन क्रमांनी दिसू शकतो. यादीतील पुनरावृत्ती काढून मूळ क्रमही राखायचा असेल, तेव्हा अनुभवी प्रोग्रामर पुन्हा डिक्शनरीच्या ‘की’च वापरतात, सेट येण्याआधी वापरत होते तशाच.