राख येते कुठून?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमची मुलं शाळेत जातात ती कपाळावर काळपट क्रूस घेऊन. बाकावरचा सोबती विचारतो, "हे काय लावलंयस?" या प्रश्नाला मुलाकडे स्वतःचं उत्तर असावं, म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात आदल्या रविवारी आम्ही झावळ्या जाळतो. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी, येशूच्या स्वागताची आठवण म्हणून 'होसान्ना' असा जयघोष करत झावळ्या हलवतात) घरी नेलेली, क्रूसासारखी विणून येशूच्या तसबिरीमागे खोचलेली पाती मुलं घेऊन येतात. वर्षभरात ती पिवळी पडून कुरकुरीत झालेली असतात. घमेल्यात टाकली की भुर्रकन पेटतात. पिशवीभर पात्यांची राख होते जेमतेम मूठभर, तीही चाळून घ्यावी लागते. "होसान्ना म्हणत हलवली होती, तीच का ही?" असं विचारणारं एक तरी मूल निघतंच. मग निम्मा धडा तिथेच झालेला असतो.

राख लावण्याची ही चाल जुनी असली तरी उपवासकाळाइतकी जुनी नाही. आधी ती जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांपुरती होती. १०९१ साली बेनेवेंतोच्या धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांच्या काळात ती सगळ्यांसाठी ठरली. उपवासकाळ मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा. ३२५ सालच्या निकेया धर्मसभेच्या नियमांत 'चाळीस' या नावाने त्याचा उल्लेख येतो.

त्या काळात हे दिवस मुख्यतः शिकण्याचे होते, आणि मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या आठवड्यांत चाले. साधारण ३५० साली जेरुसलेममध्ये तिथले बिशप सिरिल यांनी अशा उमेदवारांना दिलेली प्रवचनं आजही वाचायला मिळतात. श्रद्धेचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात सांगणारा पाठ, कागदावर उतरवू नका, तोंडपाठ करा, असं ते बजावतात. पाढे आणि मनाचे श्लोक पाठ करत वाढलेल्या आपल्या मुलांना हे लगेच कळतं.

पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सर्रास झाला, मोठे उमेदवार उरले नाहीत आणि शिकवणी मागे पडून उपास तेवढा राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात पुन्हा आठवण करून दिली की या काळाचे धागे दोन: बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त. कॅथलिक नियमाप्रमाणे मांस वर्ज्य करण्याचं बंधन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर येतं आणि उपासाचं १८ नंतर. म्हणजे लहानग्यांवर उपासाची सक्ती नाहीच. पण त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजावण्याची जबाबदारी तोच नियम आईवडिलांवर आणि धर्मगुरूंवर टाकतो. म्हणून "यंदा चॉकलेट सोडलंस का?" एवढ्यावर आपण थांबतो, तेव्हा मला वाईट वाटतं.

मुलं दिवस मोजतात आणि हटकून अडतात. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात ४६! मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे, ते उपासात धरत नाहीत. उरतात ४०, येशू अरण्यात राहिला तितके. तारीख दरवर्षी का हलते, हेही पुण्यातल्या मुलांना समजावणं अवघड नाही. चंद्रावर चालणारे सण ती आजूबाजूला बघतच असतात. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि तिथून उलटं मोजत बुधवार येतो. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीला आला, २०२५ साली ५ मार्चला.

पुण्यात हा काळ एकाच वाटेने आलेला नाही. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात त्यांच्या लष्करातल्या ख्रिस्ती लोकांसाठी जागा मिळाली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च उभं राहिलं. गोव्याकडची कॅथलिक रीत त्या वाटेने इथे रुजली. एकोणिसाव्या शतकात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये काऊली फादरांनी, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) संन्यासी धर्मगुरूंनी, आपली परंपरा आणली. अमेरिकन मराठी मिशनचं वळण मात्र प्युरिटन, म्हणजे असे विधी टाळणारं. १८१३ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे नगर भागात पसरलेल्या त्या मिशनमध्ये राख, उपवासकाळ असं काही नव्हतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन व इतर मंडळ्या एका छताखाली आल्या. अमेरिकन मिशनच्या वळणातली एखादी आजी म्हणते, "आमच्याकडे नव्हतं बाई राख लावणं." तिचं खरंच आहे. नातवंडांनी ते तिच्याच तोंडून ऐकावं.

शिवाय शहरात सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेतली कॅथलिक, मल्याळी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे राख लागते दोन दिवस आधी, सोमवारी. त्या सणाला मल्याळममध्ये शब्दही आहे तो 'विभूती'. हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे शेजारच्या आजोबांच्या कपाळावर असते ती?" मी तिला म्हटलं, शब्द तोच, आता बुधवारी तुझी राख लावून झाली की आजोबांकडे जा, त्यांची कशाची असते ते विचार, आणि तुझी झावळ्यांची आहे हे त्यांना सांग.